थांबणारी नाडी व जुन्या टिपणांचा पुरावा

सातारा व सांगली यांची दप्तरें पुष्कळ काळ एकाच मुलुखाचीं होतीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व त्यासच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. या कृष्णाकांठच्या एखाद्या वैद्य घराण्याच्या रुमालांत रोग्याचें टिपण निघालें आणि त्यांत ‘नाडी थांबत चालते’ एवढे शब्द असले, तर त्यांवरून हृदयांतील विद्युद्वहनाचा दोष ठरवावा काय, याचा येथें विचार करूं.

चरक-सुश्रुतांच्या संहितांत नाडीपरीक्षेचें स्वतंत्र प्रकरण नाहीं. तें प्रथम स्पष्टपणें शार्ङ्गधरसंहितेंत भेटतें. वाताची नाडी सर्प-जळवांप्रमाणें, पित्ताची कावळा-बेडकांप्रमाणें, कफाची हंस-पारव्यांप्रमाणें चालते असें सांगून, थांबून थांबून चालणारी नाडी तेथें प्राणघातक ठरविली आहे.

नव्या शास्त्राचा निर्णय याहून सूक्ष्म आहे. हृदयाच्या वरील कप्प्यांतून खालीं उतरणारा विद्युत्संदेश ज्या गांठींतून जातो, ती तावारा या जपानी पंडितानें १९०६ सालीं वर्णिली. या उतरण्यास एकंदर ०.२० सेकंदाहून अधिक काळ लागल्यास तो पहिल्या पायरीचा सौम्य अवरोध होय. यांत प्रत्येक संदेश पोहोंचतो, मात्र उशिरां. म्हणून मनगटावर नाडी नियमितच लागते. दोष उमटतो तो यंत्राच्या आलेखांत. आइंटहोवेन यास अशाच विद्युत्-आलेखाबद्दल १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसऱ्या पायरीचा एक प्रकार वेंकेबाख यानें १८९९ सालीं दाखविला. विलंब ठोक्यागणिक वाढत जाऊन अखेर एक ठोका गळतो. तालमींत नित्य मेहनत करणाऱ्या निरोगी मल्लाची नाडीही विश्रांतींत अशी थांबूं शकते. शिवाय अकालीं पडणाऱ्या जादा ठोक्यानेंही नाडींत खंड पडतो. बोटांस हे भेद सहसा कळत नाहींत.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. सौम्य अवरोध जुन्या कागदांत सांपडत नाहीं, म्हणून तो त्या काळीं नव्हता असें म्हणतां येत नाहीं. आणि थांबणाऱ्या नाडीच्या उल्लेखास आजच्या रोगाचें नांव देतां येत नाहीं. वैद्याचे शब्द आहेत तसेच छापावे, हें आमचें मत.

रुमालांच्या मालकांस मात्र एक विनंति आहे. असें टिपण आढळल्यास त्याच रोग्याचे पुढील उल्लेखही तिथीवार शोधावे. प्राणघातक नाडीचा रोगी नंतर वर्षानुवर्षें जगलेला दिसला, तर तो पुरावा पोथीइतकाच मोलाचा होय.