आराखडा शहरातला, काम कुरखेड्यातले

'प्रोजेक्ट मॅनेजर' म्हटले की हिंजवडीतील किंवा पवईतील एखादे वातानुकूलित कार्यालय, भिंतीवरचे रंगीत वेळापत्रक आणि 'डेडलाइन' या शब्दाचा धसका डोळ्यांसमोर येतो. परंतु 'प्रकल्प' हा शब्द खेड्यापाड्यांतील माणसाच्या तोंडी रुळलेला जिल्हा शोधायचा झाला, तर गडचिरोलीचे नाव आधी घ्यावे लागेल. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प सर्वांना ठाऊक आहे. शासनाच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांची कार्यालयेही याच जिल्ह्यात गडचिरोली, अहेरी आणि भामरागड अशा तीन ठिकाणी आहेत. 'प्रकल्प अधिकारी' म्हणजे कोण, हे येथे आश्रमशाळेतील मुलालाही सांगावे लागत नाही.

या जिल्ह्याच्या उत्तर भागात, सती नदीच्या काठी कुरखेडा हे तालुक्याचे गाव आहे. रेल्वेने येणाऱ्याने वडसा, म्हणजेच देसाईगंजला उतरायचे आणि पुढे रस्ता धरायचा. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. डॉ. सतीश गोगुलवार व शुभदा देशमुख यांनी १९८० च्या दशकात उभी केलेली 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्थाही येथेच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्यातील दोन टक्के रक्कम सामाजिक कामासाठी ठेवण्यास सांगितले, तेव्हापासून शहरात तयार झालेला आराखडा घेऊन अशा तालुक्यात जाण्याची वेळ अनेक तरुण व्यवस्थापकांवर येते.

तेथे समोर येणाऱ्या अडचणी मात्र अपरिचित नसतात. माणसे कामावर येत नाहीत, बैठकीत सर्वांनी माना डोलावूनही काम हलत नाही, वरिष्ठांना घाई असते, पैसा उशिरा येतो आणि अहवाल फुगतो. हे कोणत्या कार्यालयात घडत नाही? शहरात व्यवस्थापकाचा अंदाज चुकला तर ग्राहक रागावतो. येथे एखाद्याची मजुरी अडकते, किंवा एखाद्या बाळंतिणीपर्यंत मदत पोहोचत नाही.

वेळापत्रक कोणाचे?

नव्या व्यवस्थापकाची पहिली तक्रार बहुधा गैरहजेरीची असते. बंधाऱ्याचे काम ऐन रंगात आलेले असते आणि एका सकाळी तीस मजुरांपैकी सहाच हजर होतात. अशा वेळी अहवालात 'मजुरांची अनास्था' असे कारण लिहिण्याचा मोह होतो. मजूर मात्र दुसऱ्याच मोहाच्या मागे असतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले गळतात आणि ती गुरांच्या व रानातील जनावरांच्या आधी वेचावी लागतात. त्यापाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकडो पुडे घरातील लहानथोर मिळून बांधतात. हा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, पण वर्षातील रोख उत्पन्नाचा मोठा भाग त्यातून मिळतो. गेल्या दशकभरात जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करू लागल्या, त्यामुळे या कामाचे महत्त्व आणखी वाढले आहे. जुलैत धानाची रोवणी असते, दिवाळीच्या आसपास कापणी आणि मग मळणी. दिवाळीनंतर मंडई आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. ही नाटके रात्रभर चालतात, आणि नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला प्रशिक्षण ठेवणे हा शिकवणारा व शिकणारा, दोघांवरही अन्याय आहे.

या सगळ्यातून मातीकामासाठी उरतात ते डिसेंबर ते फेब्रुवारीचे महिने, आणि तेंदू संपल्यावर पावसाआधीचे थोडे दिवस. नेमके याच काळात पुष्कळदा मंजुरीची फाइल कुठल्यातरी टेबलावर पडून असते. म्हणून जाणता व्यवस्थापक कागदपत्रे, मोजणी आणि अंदाजपत्रक ही कामे पावसाळ्यातच उरकतो, प्रशिक्षणे रोवणी आणि कापणी यांच्या मधल्या काळात घेतो, आणि नाल्यांना पूर येण्याआधी सिमेंट व गज गावात पोहोचवतो. पहिल्या भेटीतच गावातील चार जाणत्या स्त्री-पुरुषांसोबत बसून वर्षाचे बारा महिने कागदावर मांडावेत. यात एक सकाळ जाते, आणि पुढची बरीच पत्रे लिहावी लागत नाहीत.

एखादा नेहमीचा माणूस सलग तीन दिवस आला नाही, तर नोटिशीआधी त्याच्या घरी जावे. राज्यात हिवतापाचे सर्वाधिक रुग्ण सापडणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोलीचा समावेश होतो. ज्याला आपण कामचुकार समजतो, तो घरात तापाने फणफणलेला असू शकतो.

बैठकीतील शांतता

दुसरा प्रसंग बैठकीचा. व्यवस्थापक पाऊण तास पुस्तकी मराठीत बोलतो, मग 'काही शंका?' असे विचारतो. कोणी बोलत नाही. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' अशी नोंद होते. महिनाभराने खड्डे खणायला घेतले की कळते, त्या जागी गावदेवाचे ठाणे आहे, किंवा तिथूनच एका टोल्याची गुरे चरायला जातात. शांत बसलेल्यांतील अनेकांच्या घरची भाषा गोंडी असते. कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी बोलली जाते, इतरत्र झाडीबोली. साहेबांसमोर, तेही परक्या वळणाच्या भाषेत, 'नाही' म्हणणे अवघड असते. पुण्यातील संगणक कंपनीतला नवखा अभियंता परदेशी ग्राहकापुढे गप्प बसतो, त्याचे कारणही याहून फार वेगळे नसते.

येथे कायदाही गावाच्या बाजूने आहे. अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ चा पेसा कायदा आहे आणि त्याचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी अशा ठरावीक शासकीय सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. मात्र हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. या कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर असावे लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. सरपंचाच्या ओसरीवर घेतलेल्या सह्या म्हणजे ग्रामसभा नव्हे.

निर्णय कसा घ्यावा, याचा धडा शेजारच्याच धानोरा तालुक्यात मिळतो. मेंढा (लेखा) या गोंड गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत रुजवली. ग्रामसभेआधी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. तेथे बाहेरचा जाणकारही बोलू शकतो, पण निर्णय गावच घेते. या रीतीला वेळ लागतो, हे खरेच. पण याच गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा परवानाही हाती आला. बहुमताने फुटलेल्या गावाला इतकी वर्षे पाठपुरावा करणे जमले असते, असे वाटत नाही.

तेव्हा पहिल्या बैठकीत माहिती द्यावी आणि ठराव न मागता परतावे. टोल्याटोल्यांत, चुलीपाशी, पाण्यावर बोलणे होऊ द्यावे. स्त्रियांशी वेगळे बोलावे. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन 'काही शंका?' ऐवजी 'हे काम येथे केले तर कोणाकोणाला त्रास होईल?' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देताना कोणाला साहेबांचा शब्द मोडावा लागत नाही, म्हणून उत्तरे मिळतात.

या पंधरा दिवसांचा हिशेब वरिष्ठांना देणे हे खरे कसब आहे. 'लोक तयार नाहीत' असे कळवले, तर मुख्यालय दडपण वाढवते. त्याऐवजी दोन तारखा लेखी कळवाव्यात. आज सुरू केल्यास काम कोठे अडेल आणि नंतर सुरू केल्यास कधी पूर्ण होईल, हे दोन्ही द्यावे. मग निवड त्यांची, आणि नोंद आपल्याकडे राहते.

आकडा छोटा हवा की खरा?

प्रकल्पात सर्वांत घातक काय, असे विचारले तर खोट्या अहवालाचे नाव घ्यावे लागेल. तो दर वेळी लबाडीतून जन्मतो असे नाही. बैठकीत वाईट आकडा सांगणाऱ्याला उभे करून झापले जाते, म्हणून पुढच्या खेपेला तो चांगला आकडा आणतो.

याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण बालमृत्यूंच्या नोंदींचे आहे. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय बंग आणि राज्यातील इतर संस्था, अशा एकूण १३ स्वयंसेवी संस्थांनी घरोघरी मोजणी केली आणि २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. शासकीय नोंदींत दिसणाऱ्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्षातील मृत्यू कितीतरी अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. जो मृत्यू कागदावर नाही, तो रोखण्यासाठी औषधही पाठवले जात नाही.

'सर्च'च्या स्वतःच्या कामात मोजणीला केवढे स्थान होते, हेही पाहण्यासारखे आहे. गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांत फक्त नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. वाईट आकडाही तितक्याच काळजीने लिहिला गेला नसता, तर या घटीवर कोणी विश्वास ठेवला नसता. २०११ मध्ये देशभरातील आशा कार्यकर्तींकडे ही पद्धत गेली, ती याच विश्वासावर.

रोजच्या कामात याचा अर्थ सोपा आहे. वाईट बातमी प्रथम आणणाऱ्याला सर्वांसमोर 'बरे झाले सांगितलेस' म्हणावे, आणि महिन्यातून एकदा न कळवता दोन गावांत स्वतः जाऊन नोंदवही पाहावी. दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थापकाने करायच्या आहेत. नुसते कौतुक केले तर वही ढिली पडते, आणि नुसती तपासणी केली तर वहीत पुन्हा चांगलेच आकडे दिसू लागतात.

पैशाबाबत थोडक्यात. निधी उशिरा येतो आणि 'मार्च एंडिंग'ला खर्च दाखवावा लागतो, हे गृहीत धरूनच चालावे. आलेल्या रकमेतून आधी मजुरी द्यावी, मग पुरवठादाराची देयके, आणि कार्यालयाची खुर्ची-टेबले सर्वांत शेवटी. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले होते. खासगी निधीच्या कामातही तीच मर्यादा स्वतःवर घालून घ्यावी. मजुरी एकदा थकली की पुढच्या हंगामात त्या गावात माणूस मिळत नाही.

'साहेब, आज नको'

सुरक्षिततेचा प्रश्न शहरातील कार्यालयात क्वचितच येतो. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे झालेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालक मरण पावले. त्याच्या आदल्या रात्री याच तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने जाळण्यात आली होती. त्यानंतर चित्र बरेच बदलले. माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तरीही स्थानिक कार्यकर्ता 'साहेब, आज नको' म्हणाला, तर दौरा रद्द करावा आणि कारण खोदून विचारू नये, हा जुना नियम आजही मोडू नये. कारण पूर असेल, हत्तींचा कळप असेल किंवा वाघाचा वावर. सांगणारा त्याच रस्त्याने रोज जातो, आणि व्यवस्थापक महिन्यातून एकदा.

आणि शेवटी बदली. शहरातून आलेला व्यवस्थापक दोन-तीन वर्षांत जातो, गाव तिथेच राहते. सूत्रे सोपवताना फाइली आणि पासवर्ड दिले जातात. पण कोणत्या टोल्याला कोणता शब्द दिला होता, कोणाची मजुरी बाकी आहे, कोणत्या घराशी मतभेद झाले आणि ते कशावरून, हे कोणी लिहून ठेवत नाही. ते लिहावे. जाण्याआधी नव्या माणसाला घेऊन प्रत्येक गावात एकदा जावे, आणि न पाळलेला शब्द त्याच्यासमोर, गावासमोर मोठ्याने सांगून मगच वडशाची गाडी धरावी.