सस्पेन्सकथेचे तंत्र

सस्पेन्सकथा : पुढे काय होणार याची धास्ती आणि ओढ वाचकाच्या मनात शेवटपर्यंत जागती ठेवणारा कथाप्रकार. रहस्यकथा, हेरकथा, गूढकथा ही तिची भावंडे. पण तिचा स्वभाव वेगळा. रहस्यकथेत गुन्हा घडून गेलेला असतो आणि तो कोणी केला याचा माग काढायचा असतो. सस्पेन्सकथेत संकट अजून यायचे असते आणि वाचकाला ते येताना दिसत असते. कोणती माहिती कोणाला आणि केव्हा द्यायची, यावर या प्रकाराचे सारे तंत्र उभे आहे. लेखकाला सगळे ठाऊक असते. त्यातले वाचकाला किती आणि पात्रांना किती कळू द्यायचे, हे ठरले की कथेचा निम्मा आराखडा तयार होतो.

चित्रपटदिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हे तत्त्व एका उदाहरणाने समजावले. टेबलाभोवती माणसे गप्पा मारीत बसली आहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे, पण प्रेक्षकांना त्याचा पत्ता नाही. तो फुटला की त्यांना पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकांनी पाहिलेला असेल आणि तो कधी फुटणार हेही त्यांना माहीत असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात. घटना तीच, माणसे तीच. माहितीची वाटणी तेवढी बदलली.

या तंत्राची पहिली मोठी शाळा म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी साप्ताहिके. विल्की कॉलिन्स यांची ‘द वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात १८५९-६० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. वाचकाने पुढचा अंक विकत घ्यावा यासाठी प्रत्येक हप्ता काहीतरी अधांतरी ठेवून थांबवणे भाग होते. कॉलिन्स यांनी त्याहून मोलाची एक युक्ती वापरली. कोर्टात एकामागून एक साक्षीदार उभे राहावेत, तशी त्यांनी कथा वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून सांगितली. प्रत्येक जण आपल्याला ठाऊक आहे तेवढेच सांगतो. त्यामुळे सर्व साक्षी जोडून पाहणारा वाचक एकट्यादुकट्या पात्राच्या पुढे जातो आणि त्याच्या वाट्याची काळजी सुरू होते.

विसाव्या शतकात लेखकांनी आणखी धीट पाऊल टाकले. खुनी कोण, हेच आधी सांगून टाकले. फ्रान्सिस आइल्स या टोपणनावाने अँथनी बर्कली कॉक्स यांनी लिहिलेल्या ‘मॅलिस अफोरथॉट’ (१९३१) या कादंबरीत एका खेडेगावातला डॉक्टर बायकोचा खून करायचे ठरवतो, हे वाचकाला आरंभीच कळते. मग उत्सुकता कशाची उरते? त्याला ते जमेल का, जमले तर पचेल का, आणि त्या वाटेवर तो कसा बदलत जाईल, याची. ‘कोणी केले’ हा प्रश्न काढून टाकल्यावर माणसाच्या मनात उतरायला जागा मोकळी झाली.

ती जागा पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी सर्वाधिक खोलवर धुंडाळली. ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) मध्ये टॉम रिप्ली इटलीच्या किनाऱ्याजवळ, सान रेमोच्या समुद्रात, आपल्या श्रीमंत मित्राला होडीतच वल्ह्याने मारतो आणि त्याचे नाव, कपडे, सही सगळे आपलेसे करतो. कादंबरी सतत रिप्लीच्या खांद्यामागून जग पाहते. परिणाम असा, की दारावर थाप पडली की वाचकाचाही श्वास अडकतो आणि खुनी सुटावा असे त्याला वाटू लागते. ही सहानुभूती वाचकाला अस्वस्थ करते आणि हायस्मिथ यांना तेच हवे होते. या लेखनकलेवर त्यांनी १९६६ साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात ‘द ग्लास सेल’ या स्वतःच्या कादंबरीची जडणघडण, फसलेल्या खर्ड्यासकट, त्यांनी मोकळेपणाने मांडली आहे. नवशिक्या लेखकाला नियमांच्या यादीपेक्षा ते पुस्तक जास्त शिकवते.

जागा आणि काळ आवळणे हे दुसरे मोठे साधन. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यापलीकडील बेटावर दहा माणसे अडकतात. भिंतीवरच्या बालगीतातील क्रमाने ती मरू लागतात, म्हणजे पुढच्या मृत्यूची तऱ्हा वाचकाला आधीच माहीत असते. कॉर्नेल वूलरिच यांच्या १९४२ सालच्या कथेवरून हिचकॉक यांनी केलेल्या ‘रिअर विंडो’ (१९५४) मध्ये बंधन बेटाचे नसून शरीराचे आहे. नायकाचा पाय प्लास्टरमध्ये. समोरच्या इमारतीत त्याची मैत्रीण संशयिताच्या घरात शिरते, तेवढ्यात तो संशयित परततो. नायक खिडकीतून फक्त पाहू शकतो. त्याची ही असहायता हुबेहूब प्रेक्षकाचीच आहे, म्हणून ती इतकी झोंबते.

शेवट ठाऊक असूनही ताण टिकवता येतो, याचा भक्कम पुरावा म्हणजे फ्रेडरिक फोर्साइथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१). फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल यांच्या खुनाचा हा कट. द गोल यांचा खून कधीच झाला नाही, हे जगाला माहीत होते. काही प्रकाशकांनी याच कारणाने हस्तलिखित नाकारले. पॅरिसमध्ये वार्ताहर म्हणून काम केलेल्या फोर्साइथ यांनी २२ ऑगस्ट १९६२ रोजी पती-क्लामार येथे द गोल यांच्या मोटारीवर झालेल्या खऱ्या हल्ल्यापासून सुरुवात केली. मृत बालकाच्या जन्मदाखल्यावर खोटा पासपोर्ट कसा मिळवायचा, बंदूक कशी लपवायची, हे सगळे त्यांनी अहवालासारख्या कोरड्या भाषेत लिहिले. खोट्याला लागून इतके खरे तपशील आले की वाचक इतिहास विसरतो. एकीकडे मारेकरी, दुसरीकडे त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी, अशी आलटून पालटून येणारी प्रकरणे दोघांमधले अंतर कमी करीत जातात.

लेखकाने वाचकाची दिशाभूल करावी, पण त्याच्याशी खोटे बोलू नये, असा या क्षेत्रातला अलिखित करार आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले, त्यांचा गाभा हाच होता. दुसरी जबाबदारी ताण सोडवण्याची. हिचकॉक यांच्या ‘सॅबोटाज’ (१९३६) या चित्रपटात एक अजाण मुलगा लंडनच्या बसमधून बॉम्ब घेऊन जातो आणि बॉम्ब खरोखरच फुटतो. प्रेक्षक संतापले. इतका वेळ जीव टांगणीला लावल्यावर त्या पोराला मारणे ही चूक होती, हे हिचकॉक यांनी पुढे मान्य केले.

मराठीत बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांवर पुस्तके लिहून झुंजार आणि काळा पहाड या नायकांना घराघरांत पोहोचवले. सुहास शिरवळकर यांनी फिरोज इराणी, दारा बुलंद अशा नायकांसह वेगवान कथेला शहरी, तरुण बोली दिली. अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’ आणि ‘नवल’ या मासिकांनी अद्भुत व गूढ कथेसाठी हक्काची जागा उभी केली. नारायण धारप यांनी भयाची, तर रत्नाकर मतकरी यांनी गूढाची वाट धरली. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला. पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्यासारखीच हुबेहूब दिसणारी स्त्री आपणच ती असल्याचा दावा करते आणि वकील असलेल्या पतीसह प्रेक्षकही आपल्या खात्रीच्या गोष्टीवर शंका घेऊ लागतो. १९६६ साली राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ काढला. वाचनालयांतून पिढ्यांना वाचनाची गोडी लावणाऱ्या या लेखकांच्या रचनातंत्राचा अभ्यास मात्र मराठी समीक्षेने त्यांच्या वाचकसंख्येच्या मानाने फारच थोडा केला आहे. तो व्हायला हवा.