दिनविशेष : १८ जून – बटाट्याच्या पेशीतला शोध

१९११ : जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचा इंदूर येथे जन्म. लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. रसायनशास्त्राची पदवी असूनही केवळ मुलगी म्हणून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला. हा उघड अन्याय होता. कमलाबाईंनी हट्टाने प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यात ‘सायटोक्रोम सी’ शोधले. लोह असलेले हे प्रथिन पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवते, त्यातून पेशीला ऊर्जा मिळते. प्राण्यांप्रमाणेच वनस्पतींतही हे घडते, हे त्यामुळे दिसले. १९३९ मध्ये पीएच.डी.; नंतर मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन. रेणू आणि पेशी शिकणाऱ्या मुलींनी हे नाव वहीत जरूर लिहून ठेवावे.