दख्खनच्या द्राक्षवेलीच्या दोन छाटण्या

समशीतोष्ण देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विसावते, तिची मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते आणि वसंतात फुटणारे डोळे खोडामुळांत साठलेल्या अन्नावर वाढीला लागतात. दख्खनच्या पठारावर वेलीला विसावायला लावील अशी थंडी पडत नाही. त्यामुळे वाढीचा एक हंगाम कोठे संपवायचा आणि दुसरा कोठे सुरू करायचा, हे येथे ऋतूऐवजी बागायतदाराला कात्रीने ठरवावे लागते. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे नोंदवले आहे, त्याचे मूळ या हवामानातच आहे.

नाशिक परिसरात पांगाऱ्याच्या खुंटांवर भोकरी, फकिरी, साहेबी या जुन्या जातींच्या वेली चढवल्या जात, तेव्हाही वेलीला दोन बहर येत. उन्हाळ्यातील छाटणीनंतरची फळे ऐन पावसाळ्यात तयार होत. ती आंबट राहत, तडकत आणि केवडा रोगाला सहज बळी पडत. हा दुसरा बहर सोडून देऊनही एप्रिलची छाटणी मात्र कायम ठेवायची, हा या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय म्हटला पाहिजे, कारण त्यामुळे अर्धे वर्ष फळासाठी नव्हे, तर पुढच्या फळाच्या तयारीसाठी राखले गेले. एप्रिलच्या खरड छाटणीत ओलांड्यावरील, म्हणजे वेलीच्या कायमच्या आडव्या फांद्यांवरील, काड्या एक-दोन डोळ्यांवर कापतात आणि येणारे घड काढून टाकतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत मधल्या काळात पक्व झालेल्या काडीवरील फलधारक डोळ्याच्या किंचित पुढे काप घेतात.

या व्यवहारामागे वेलीतील अन्नवाटपाचे शास्त्र आहे, आणि ते कळायला प्रयोगशाळेला फार काळ लागला. पाने तयार करतात ती साखर सालीच्या आतील वाहिन्यांतून जिथे मागणी जास्त तिकडे वाहते. वाढणारा शेंडा हा सर्वांत बलवान मागणीदार असतो, आणि तो असेपर्यंत बगलेतील डोळे निद्रिस्त राहतात. यालाच शेंड्याचे वर्चस्व म्हणतात. 1933 साली थिमान आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक बगलेतील डोळ्यांना रोखते असे दाखवले, आणि पुढे कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत हेच स्पष्टीकरण प्रमुख राहिले. 2014 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वाटाण्यावर दाखवले, की शेंडा खुडल्यावर खालच्या डोळ्यांची वाढ ऑक्सिनची पातळी तेथे घटण्याआधीच सुरू होते. शेंड्याकडे जाणारी साखर काही तासांतच त्यांच्याकडे वळते आणि त्यांना जागे करण्यास तीच पुरेशी ठरते. ऑक्सिनचे कार्य त्यामुळे नाकारले जात नाही, मात्र पहिला इशारा अन्नाचा असतो, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या शेंडा खुडणाऱ्या हातांच्या अनुभवाशी जुळते.

1960च्या दशकात बिनबियांची थॉमसन सीडलेस जात महाराष्ट्रात रुजू लागली, तेव्हा या अनुभवाची खरी कसोटी लागली. या जातीच्या काडीवर बुडाकडील डोळे बहुधा घडाविना राहतात, म्हणून घड असलेला डोळा काडीवर नेमका कोठे तयार होईल याची तजवीज करणे भाग पडले. त्यातून सबकेनची पद्धत रूढ झाली: नव्या फुटीचा शेंडा सात-आठ पानांवर खुडायचा, म्हणजे अन्न टोकाजवळच्या डोळ्याकडे वळते आणि तेथून निघालेल्या बगलफुटीच्या तळाशी सुपीक डोळे बनतात. सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे डोळ्याच्या आत पुढील हंगामाच्या घडाची रचना होणे, खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत घडते. त्या काळात डोळ्यातील एकाच अंकुरातून घड होऊ शकतो किंवा वेलीला आधार देणारी बाळी. सायटोकायनिन या संप्रेरकाने घडाला, तर जिबरेलिनने बाळीला बळ मिळते. जून महिना ढगाळ गेला, किंवा नत्र जास्त झाल्याने शेंडे पळत राहिले, तर अन्न नव्या पालवीत खर्च होते आणि ऑक्टोबरात बागायतदाराला घडांऐवजी बाळ्या पाहाव्या लागतात. जून-जुलैचे ऊन पुढच्या मार्चमधील तोडणी ठरवते, हे मुरलेला बागायतदार जाणतो.

गोडी छाटणीनंतरची पहिली पाने खोड, मुळे आणि काडीतील साठवलेल्या स्टार्चवरच पोसली जातात, म्हणून काडीच्या पक्वतेला एवढे महत्त्व आले. पुढे मणी धरल्यावर गर्डलिंग करतात: सालीची बारीक पट्टी गोलाकार काढली, की वरच्या पानांची साखर खाली मुळांकडे न जाता घडातच राहते आणि मणी फुगतात. सतराव्या शतकात माल्पिघी या इटालियन वैज्ञानिकाने झाडाची अशीच साल काढली, तेव्हा कापाच्या वरच्या कडेला आलेली सूज त्याला दिसली होती. जखम वेळेत भरून आली नाही तर मुळे उपाशी राहतात, म्हणून हे काम कुशल हातांकडेच सोपवले जाते. गोडी छाटणीपूर्वी आता नमुन्याच्या काड्या प्रयोगशाळेत पाठवून सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासले जातात, आणि काप कितव्या डोळ्यावर घ्यायचा हे त्या तपासणीवरून ठरते.