न दिसणारे दिवस

नात्यातल्या एका मुलीचा दुपारी फोन आला. कोण, कुठली ते सांगत नाही. आपल्या समाजात गाव सांगितलं की घर कळतं आणि घर कळलं की माणूस. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा मित्रांबरोबर बाहेरगावी गेला होता, तिथे एका रात्री नको ते घडलं. परत आल्यावर त्याला भीतीने झोप लागेना, म्हणून त्याने आईला सांगितलं. आईने गुपचूप शहरातल्या एका लॅबमध्ये नेऊन एचआयव्हीची तपासणी करून आणली. निगेटिव्ह. मग सासूने सुनेच्या हातात तो कागद ठेवला आणि म्हणाली, "बघ, काही नाही. आता विषय संपला."

"मावशी, खरंच संपला का गं?" एवढंच तिने विचारलं.

मी विचारलं, "त्या रात्रीला किती दिवस झाले?" ती म्हणाली, "आठ."

मी डॉक्टर नाही. बी. ए. ला इतिहास घेतला होता, तेवढीच शिदोरी. पण आठव्या दिवशीच्या त्या कागदाला काही अर्थ नाही, हे मला माहीत होतं. का नाही, ते तिला सांगताना मला या तपासणीचा सगळा इतिहासच सांगावा लागला. तोच इथे मांडते आहे.

अमेरिकेत १९८१ साली हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला. त्याचा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला. फ्रान्स्वाज बारे-सिनूसी या बाईंचा त्यात मोठा वाटा होता आणि २००८ साली त्यांना ल्यूक माँटान्ये यांच्यासह नोबेल मिळालं. रक्ततपासणी मात्र मार्च १९८५ मध्ये आली. एलायझा तिचं नाव. ही तपासणी माणसांसाठी काढलेलीच नव्हती. ती रक्तपेढीतल्या बाटल्यांसाठी होती, दूषित रक्त कुणाला चढू नये म्हणून. पण ज्यांच्या मनात शंका होती ते लोक रक्तदानाच्या निमित्ताने आपली तपासणी करून घेऊ लागतील, अशी भीती निर्माण झाली, आणि म्हणून तिथे वेगळी तपासणी केंद्रं उघडावी लागली. बाटलीसाठी तपासणी करताना एक सोय असते. शंका आली की बाटली फेकून देता येते. माणसाचं काय करायचं हा प्रश्न तेव्हा कुणी नीट विचारला नव्हता, आणि पुढची कितीतरी वर्षं आपल्याकडेही तेच झालं.

आपल्या देशात हा विषाणू प्रथम सापडला तो १९८६ साली मद्रासमध्ये, आणि तो शोधणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, हे आपल्याला कुणी सांगत नाही. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. वडिलांचा व्यवसाय चामड्याचा. (आपल्या घरात या व्यवसायाचं नाव निघालं तरी आजी कानांवर हात ठेवायची. असो.) त्यांच्या हाताखाली डॉ. निर्मला ही तिशीतली विद्यार्थिनी शिकत होती. सुनीतीबाईंनी तिला प्रबंधासाठी हा विषय दिला. तेव्हा सगळे म्हणत होते, हा अमेरिकेतला रोग, आपल्याकडे एवढे संस्कार आहेत, आपल्याला कसा होईल? निर्मलाने शरीरविक्रय करणाऱ्या ऐंशीच्या वर बायकांचं रक्त गोळा केलं. मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती. नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि मग नवऱ्याला सोबत घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला नेले. त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. खात्रीसाठी रक्त पुढे अमेरिकेलाही गेलं.

हे वाचताना अभिमान वाटतो, आणि लगेच गप्प व्हायला होतं. कारण आपलं रक्त कशासाठी घेतलं हे त्या बायकांना सांगितलेलंच नव्हतं. पुढे तामिळनाडूत पॉझिटिव्ह बायकांना शिक्षेची मुदत संपल्यावरही कोंडून ठेवायला लागले. श्यामला नटराज या पत्रकार बाई कोर्टात गेल्या, तेव्हा १९९० साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडायला लावलं. सुनीतीबाईंनी मात्र ही माणसं सोडली नाहीत. वडिलांच्या नावाने १९९३ मध्ये संस्था काढली आणि पुढे पॉझिटिव्ह मुलामुलींची आपसांत लग्नंसुद्धा जुळवली. वधूवर मेळाव्यात वावरलेल्या बाईला हे काम किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको.

आपल्या शेजारच्या गोव्यातली गोष्ट तर याहून बोलकी आहे. म्हापशाचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्याला घेऊन गेले. कशासाठी, ते सांगितलं नाही. आपण पॉझिटिव्ह आहोत हे त्याला तिथे ठेवलेल्या रजिस्टरवरून कळलं. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला सक्तीने वेगळं ठेवायची तरतूद होती. टीबीच्या बंद पडलेल्या दवाखान्यात त्याला ६४ दिवस एकटं ठेवलं. त्याची आई लूसी डिसोझा कोर्टात गेली. निकालाच्या पुस्तकांत आजही तो खटला त्या आईच्या नावाने आहे. डॉमिनिकने आपल्यासारख्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

तिसरा खटला सुप्रीम कोर्टातला, १९९८ चा. त्यातल्या माणसाला कागदोपत्री फक्त 'मिस्टर एक्स' म्हटलं आहे. त्यालाही रक्त देतानाच कळलं होतं. त्याचं लग्न ठरलेलं होतं. दवाखान्याने ही गोष्ट फोडली आणि लग्न मोडलं. आपलं गुपित उघड केलं म्हणून तो भांडला. कोर्ट म्हणालं, त्या मुलीलाही जिवंत राहण्याचा हक्क आहे. त्याच निकालात अशा माणसाच्या लग्नाच्या हक्काबद्दल जे कठोर लिहिलं होतं, ते २००२ मध्ये कोर्टाने मागे घेतलं. पण मुलीबद्दलचं म्हणणं तसंच राहिलं. मला हा निकाल दोन्ही बाजूंनी टोचतो. त्या माणसाची अब्रू गेली हे वाईटच झालं. आणि त्या मुलीला कुणी सांगितलंच नसतं तर?

आता त्या आठ दिवसांकडे येते.

तपासणीत विषाणू दिसत नाही, तर त्याच्याविरुद्ध आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दिसतात. निदान सुरुवातीच्या तपासण्यांत तरी तेवढंच दिसायचं. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. विषाणू शिरल्यापासून तपासणीत दिसेपर्यंतच्या काळाला 'विंडो पीरियड' म्हणतात. नाव खिडकीचं आहे, पण त्यातून काहीच दिसत नाही. १९८५ च्या तपासणीत हा काळ इतका लांब होता की डॉक्टर सहा-सहा महिने थांबायला सांगत. मग तपासण्या सुधारत गेल्या आणि तीन महिने हा आकडा रूढ झाला. नव्वदीच्या अखेरीस युरोपात आणि २०१० मध्ये अमेरिकेत चौथ्या पिढीची तपासणी आली. ती प्रतिपिंडांबरोबर विषाणूच्या अंगचं 'पी-२४' नावाचं प्रथिनही शोधते. शिरेतून रक्त घेऊन ही तपासणी लॅबमध्ये केली तर १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दिसतो. म्हणून ४५ दिवसांनंतरचं निगेटिव्ह हे खरं निगेटिव्ह. बोटाला टोचून करतात ती नुसत्या प्रतिपिंडांची तपासणी असेल तर ९० दिवस थांबायचं. विषाणूचा अंश थेट शोधणारी 'नॅट' नावाची महाग तपासणी आहे, तिलाही निदान दहा दिवस तरी लागतात. आठव्या दिवशी यातली कुठलीच तपासणी काही सांगू शकत नाही.

मी मुलीला म्हटलं, "हा कागद खोटा नाही गं. पण तो त्या रात्रीबद्दल काही बोलतच नाही. तो त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल बोलतोय."

आणि खरा धोका याच दिवसांत असतो. संसर्ग झालाच असेल तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू अतोनात वाढतो. अशा वेळी त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि तपासणी मात्र निगेटिव्ह येते. म्हणजे घरात ज्या कागदाने सगळ्यांना हायसं वाटतं, त्याच कागदाच्या भरवशावर बायकोला पुन्हा जवळ घेतलं जातं.

घाबरवायचं म्हणून मी हे लिहीत नाही. एका रात्रीचा धोका लोक समजतात तेवढा नसतो. समोरची व्यक्ती बाधित असेल आणि काही काळजी घेतली नसेल तरी, स्त्रीकडून पुरुषाला अशा एका संबंधात लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत सुमारे चार धरतात. पुरुषाकडून स्त्रीला दहा हजारांत आठ, म्हणजे दुप्पट. गुदमार्गाने संबंध असेल तर ती कितीतरी पटीने वाढते. गुप्तरोगाची जखम असेल तरी वाढते. निरोध वापरला असेल तर खूप कमी होते. समोरची व्यक्ती औषधांवर असून तिच्या रक्तातला विषाणू मोजता येण्याच्या पलीकडे दबलेला असेल तर लागण होतच नाही.

मग दहा हजारांत आठ म्हणून निर्धास्त राहावं का? तो आकडा एका वेळेचा आहे. संसार वर्षानुवर्षं चालतो. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने १९९७ मध्ये एक अभ्यास छापला. डॉ. रमण गंगाखेडकर त्याचे पहिले लेखक, करोनाच्या काळात रोज टीव्हीवर दिसायचे तेच. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी शंभरी साडेतेरा पॉझिटिव्ह होत्या. त्यांतल्या बहुतेकींनी नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष पाहिलेला नव्हता. पुणे-बंगळूर रस्ता आपल्या निपाणी-बेळगाववरून जातो. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांत तेव्हा कितीतरी तरण्या विधवा माहेरी परत आल्या. नवरा 'टीबीने' गेला असं सांगायचे. आम्हीही ते तसंच ऐकून घ्यायचो.

श्रावकाच्या ब्रह्मचर्य अणुव्रताला शास्त्रात 'स्वदारसंतोष' म्हटलंय. आपल्याच बायकोत समाधान मानायचं. शब्द पाहिला की कळतं, हे व्रत पुरुषाला सांगितलेलं आहे. तरी मी लहानपणापासून बस्तीत जी प्रवचनं ऐकली, त्यांत शीलाच्या गोष्टी सगळ्या सती अंजना आणि चंदनबालेच्याच. त्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी महिला मंडळात बोलूनही दाखवली आहे. तेव्हा दोघी-तिघी हसल्या, एक काकू उठून गेल्या.

त्या मुलीच्या सासूने विषय संपला म्हटलं, तेव्हा एक वेळ आधीच निघून गेली होती. असा प्रसंग घडल्यावर ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, औषध सुरू करता येतं. त्याला 'पेप' म्हणतात. २८ दिवस घ्यायचं. सुई टोचलेल्या नर्सेस आणि डॉक्टरांवर झालेल्या अभ्यासात, त्या वेळच्या एकाच औषधानेसुद्धा लागण होण्याचा धोका शंभरी ८० ने कमी झालेला दिसला होता. तोही १९९७ चाच अभ्यास. कुणाला द्यायचं ते डॉक्टर धोका पाहून ठरवतात. पण त्यासाठी तिसऱ्या दिवसाच्या आत कुणीतरी तोंड उघडायला हवं. इथे मुलाने तोंड उघडलं तेच पाचव्या दिवशी, तेही आईजवळ.

मी तिला सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात जायला सांगितलं. तपासणी फुकट असते. आधी समुपदेशक बोलतात. २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि गुप्तता पाळावी लागते. १०९७ हा मदतीचा नंबरही दिला. तिला लाज वाटत होती. म्हणाली, "तिथं मला काय समजतील गं?" मी म्हटलं, "नवऱ्याला घेऊन जा, म्हणजे दोघांना मिळून समजतील." तेव्हा फोनवर पहिल्यांदा ती जराशी हसली.

मग मला एक नाजूक प्रश्न विचारावाच लागला. तो परत आल्यावर तुमच्यात काही? ती गप्प राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी. तेव्हा मला काही माहीतच नव्हतं की."

म्हणजे त्याची मोजणी वेगळी आणि हिची वेगळी. त्याचे दिवस त्या रात्रीपासून मोजायचे, हिचे शेवटच्या जवळिकीपासून. तोवर जवळ यायचंच असेल तर निरोधाशिवाय नाही. त्याच्या पंचेचाळिसाव्या दिवशी शिरेतलं रक्त देऊन चौथ्या पिढीची तपासणी, बरोबर गुप्तरोगाची आणि कावीळ बीची. ती निगेटिव्ह आली तर हिला पुढे थांबायची गरज नाही. नाही आली तर हिची वेगळी तपासणी करायची, आणि आता औषधं आहेत. सरकार २००४ पासून ती फुकट देतं आणि वेळेवर सुरू केली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो.

ती दोघं केंद्रात जाऊन आली. सासूला अजून सांगितलेलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. अष्टमी-चतुर्दशीच्या उपवासांना सासूने लाल पेनाने गोल केलेत. त्यांच्यामध्ये दोन ठिकाणी हिने पेन्सिलीने बारीक टिंबं दिलीत, एक त्याचं, एक हिचं. परवा फोन केला होता. म्हणाली, "मावशी, पहिल्या टिंबाला अजून अकरा दिवस आहेत."