म्हशीचा रंग

रंगांना नावं ठेवताना आपण मराठी माणसं स्वयंपाकघराच्या फार लांब जात नाही. बदामी, आमसुली, डाळिंबी, राखाडी! वाण्याच्या यादीपासून चुलीपर्यंत सगळं साडीच्या दुकानात मिळतं. पण म्हशीवरून रंगाला नाव द्यायची हिंमत काही आपल्याला झाली नाही. ती इंग्रजांनी केली.

त्या रंगाचं नाव ‘बफ’. बँकेच्या स्टेशनरीच्या मागणीपत्रात आम्ही ‘बफ लिफाफे’ असं लिहितो आणि शिपाई ‘खाकी पाकिटं’ म्हणून ती आणतो. व्यवहार चोख होतो.

आता म्हैस काळी, हे शेंबडं पोरही सांगेल. मग बफ हा फिकट पिवळसर कसा? तर हा रंग म्हशीचा नव्हे, कातड्याचा. कातड्याचा वरचा थर काढून ते तेलात मुरवलं की मऊ आणि पिवळसर होतं. सतराव्या शतकातले इंग्रज शिपाई असल्या कातड्याचे कोट घालून लढायचे. पुढे बैलाचं कातडंही त्याच नावावर खपलं. शब्द फ्रेंच ‘ब्यूफ्ल’वरून आला, त्याआधी लॅटिन, त्याआधी ग्रीक. आणि ग्रीकांकडे तो मुळात एका हरणाच्या जातीला लावत! तीनदा एन्डॉर्स झालेल्या चेकसारखी ही गत.

हाच चेक पुढे वटला आमच्या पुणे जिल्ह्यात. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास तिथं आलेल्या शेतकऱ्यांची माळवा पद्धतीची भांडी निघाली. पुराविद्येच्या पुस्तकांत या भांड्यांच्या लेपाचा रंग ‘बफ’ असा लिहितात.

इनामगावात शंभरावर घरं सापडली, कुंभाराची भट्टी सापडली, जळकं धान्य सापडलं, घरातल्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली तान्ही पोरं सापडली. सापडला नाही तो एकही शब्द, कारण त्यांना लिपी नव्हती. पण भट्टीतून मडकं काढताना ‘रंग बरा आलाय’ असं कुणीतरी कुणालातरी म्हणालंच असेल. त्या रंगाला त्यांचं नावही असेल.

ते बुडालं. खाक म्हणजे माती. तेव्हा मातीच्या मडक्याला आमच्या शिपायाचा ‘खाकी’ त्यातल्या त्यात जवळचा. पण तोही फारसीतून आलेला. ठेव साडेतीन हजार वर्षं शाबूत आहे. खातेदाराची सही तेवढी आपल्याकडे नाही.