आधी झाडू, मग कीर्तन

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी चिखलीतील एका महाविद्यालयाचे चार विद्यार्थी आमच्याकडे एका अर्जाचा मसुदा घेऊन आले. अर्ज कुलगुरूंच्या नावे होता. महाविद्यालये वर्षाकाठी किती पाणी उपसतात, किती वीज जाळतात आणि कचऱ्याचे काय करतात, याचा हिशेब विद्यापीठाने मागवावा व तो विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढीच त्यांची मागणी होती. भाषा तपासून द्यावी, असे त्यांचे म्हणणे. आम्ही 'मागणी'च्या जागी 'नम्र विनंती' घातली आणि दोन धारदार वाक्ये खोडली. मुले आभार मानून गेली. आमचे मन मात्र स्वस्थ बसेना. या मागणीमागे मोठा इतिहास उभा आहे. तो ध्यानात न घेताच आम्ही तिची धार बोथट केली होती. तोच इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडीत आहोत.

वऱ्हाडातील महाविद्यालये पूर्वी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले आणि बुलढाणा जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. पुढे नागपूरच्या विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे, तर अमरावतीच्या विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. ही नावे केवळ शोभेची नव्हेत. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा ज्या गावी जात, तेथे दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. आधी झाडू, मग कीर्तन, हा त्यांचा क्रम होता.

आपल्या विद्यापीठांत हा क्रम उलटा झाला. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण-शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करण्यासंबंधी निर्देश दिले. अंमलबजावणीस बारा वर्षे लागली. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. इराक भरुचा यांनी सिद्ध केले. गावचे तळे, ओढा, टेकडी प्रत्यक्ष पाहून अहवाल लिहावा, अशी त्यात योजना होती. योजना उत्तम; पण पुष्कळ ठिकाणी तयार प्रकल्पवही झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळू लागली. पैनगंगा ज्या तालुक्यातून वाहते, तेथील मुलाने नदीकाठी पाऊल न टाकता नदीप्रदूषणावर गुण मिळवावेत, ही आम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट आहे. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात हरित लेखापरीक्षणासही स्थान मिळाले. परंतु तो अहवाल समितीसाठी असतो, विद्यार्थ्याच्या हाती क्वचितच पडतो.

मग विद्यार्थ्यांनी विचारले का नाही? विचारण्याची जागाच अरुंद झाली होती, हे त्याचे एक कारण. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारामुळे १९९३ च्या सुमारास महाराष्ट्रात खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. हिंसा थांबविणे अगत्याचे होते, यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर प्रश्न विचारण्याची सवयही गेली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली; २०१९ साली जाहीर झालेल्या निवडणुका मात्र पुढे ढकलल्या गेल्या.

जागा अरुंद झाली तरी आवाज अन्य वाट शोधतोच. त्याच २०१९ सालच्या ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात वृक्षतोड सुरू झाली. अटक झालेल्या २९ जणांत अनेक विद्यार्थी होते. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका करून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबविली. तोवर २,१४१ झाडे पडली होती आणि कारशेडही पुढे तेथेच झाली. तरीही एका साध्या पत्राने देशाचे सर्वोच्च न्यायपीठ सुट्टीच्या दिवसांत बसविले, ही नोंद पुसली जाणार नाही.

आरेतील विद्यार्थी शासनाशी झगडत होते. स्वतःच्या विद्यापीठाकडेही वळलेले विद्यार्थी पाहावयाचे तर हैदराबादेकडे जावे लागते. १९७४ साली स्थापन झालेल्या तेथील केंद्रीय विद्यापीठालगतच्या कांचा गचिबावली येथील ४०० एकर रानावर मार्च २०२५ च्या अखेरीस बुलडोझर चालले. विद्यार्थ्यांनी शासनाला विरोध केलाच. शिवाय जमीन विद्यापीठाच्या नावे नोंदवून घ्या, असा आग्रह आपल्याच प्रशासनाकडे धरला. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबविले.

परदेशांत हा प्रश्न विद्यापीठांच्या तिजोरीपर्यंत पोहोचला. कोळसा व खनिज तेलाच्या कंपन्यांत आपल्या संस्थेचा पैसा का, असे विद्यार्थी विचारू लागले. अमेरिकेतील डेटन या कॅथॉलिक विद्यापीठाने २०१४ साली अशी गुंतवणूक काढून घेण्याचे ठरविले. जेझुइटांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२० साली तोच मार्ग धरला, आणि २०२१ साली हार्वर्डनेही. जॉर्जटाउन व हार्वर्ड येथील विद्यार्थ्यांना पहिल्याच अर्जाला होकार मिळाला नव्हता.

चिखलीच्या मुलांपुढे एवढी मोठी तिजोरी नाही. त्यांची भीतीही साधी आहे: अर्जावर सही केली तर अंतर्गत गुण कापले जातील काय? त्यांतील तिघे शेतकऱ्यांची मुले. पाऊस लांबला की सोयाबीनची दुबार पेरणी म्हणजे काय, हे त्यांनी घरात पाहिले आहे. उन्हाळ्यात आई टँकरची वाट पाहत असताना महाविद्यालयातला नळ गळतो, तो त्यांच्या डोळ्यांना खुपतो. पर्यावरणाच्या पेपरात हा प्रश्न येत नाही.

गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नोत्तराचे होते. ते श्रोत्यांना विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावा, यात उर्मटपणा कोठला?

आम्ही त्या मुलांना पुन्हा बोलावून घेतले आणि खोडलेली दोन वाक्ये परत लिहा म्हणून सांगितले. ती आधीच लिहिलेली होती. 'नम्र विनंती' काढून त्यांनी पुन्हा 'मागणी' केली होती, आणि खाली चारांऐवजी अकरा सह्या होत्या.